जुन्या डेस्कटॉपमध्ये रॅम टाकताय? आधी एक आकडा बघा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

आज फोनवर बोलायचं नाहीये. म्हणजे ऐकताय तुम्ही फोनवरच, पण विषय आहे घरातल्या टेबलाखालचा तो काळा डबा. डेस्कटॉप. दहा-बारा वर्षं जुना, चालू केला की चहा टाकून यावं, तोवर चालू होतो. तो फेकायचा, विकायचा, की त्यात रॅम टाकून अजून थोडी वर्षं काढायची?

हा विषय डोक्यात आला तो मामांमुळे. माझ्या मामांचं कराडजवळ झेरॉक्स आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दाखले, शिष्यवृत्ती, कॉलेज ॲडमिशन, सगळे ऑनलाइन फॉर्म. दुकानात एकच कॉम्प्युटर, २०१२ साली असेंबल करून घेतलेला. एका शेवटच्या तारखेला रात्री एका मुलीचा फॉर्म भरता भरता तो अडकला. सगळी माहिती भरून झालेली, मार्कशीट स्कॅन करून झालेली, फक्त अपलोड बाकी, आणि माऊसचा बाण जागचा हलेना. मुलीचे वडील मागे उभे. मामांनी शेवटी बटण दाबून बंद केला, परत चालू केला, तोपर्यंत साडेअकरा झाले. तिचा फॉर्म गेला, पण समोरच्या दुकानातून, बारा वाजायला वीस मिनिटं कमी असताना.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. “अरे, तू इंजिनिअर ना? नवीन कॉम्प्युटर हप्त्यावर घेतोय, चाळीस हजारांचा. कुठला घेऊ सांग.” मी म्हटलं, “मामा, थांबा, शनिवारी येतो.” आता खरं सांगू का, बीटेक केलं, सहा वर्षं कोड लिहितोय, पण कॅबिनेट उघडून आत हात घालायची वेळ कॉलेजच्या लॅबनंतर आलीच नव्हती. आमचं काम लॅपटॉपवर, आणि सर्व्हर कुठे असतो ते आम्हालाही माहीत नसतं. त्यामुळे पुढे जी चूक सांगणार आहे, ती माझीच आहे.

आधी रॅम म्हणजे काय हे दोन मिनिटांत. घरातला स्वयंपाकाचा ओटा डोळ्यांसमोर आणा. आत्ता जे शिजवताय त्याला लागणारं सगळं ओट्यावर हवं. बाकीचं सामान माळ्यावर. ओटा म्हणजे रॅम, माळा म्हणजे हार्ड डिस्क. ओटा लहान असला की काय होतं? पोळपाट ठेवायला जागा नाही म्हणून मिसळणाचा डबा माळ्यावर ठेवायचा, पाच मिनिटांनी हळद लागली की परत स्टूल घेऊन चढायचं, आणि तो डबा खाली आणण्यासाठी आता पोळपाट वर. कॉम्प्युटर अडकतो तेव्हा तो बहुतेक वेळा झोपलेला नसतो. तो स्टुलावर चढ-उतर करत असतो.

आणि ही चढ-उतर किती महाग आहे बघा. रॅममधून काही उचलायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून तेच शोधून आणायला साधारण दहा मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट. ओट्यावरचा डबा एका सेकंदात हाताला लागत असेल, तर माळ्यावरचा काढायला जवळपास अठ्ठावीस तास. एसएसडी असेल तर सतरा मिनिटं. अठ्ठावीस तासांपुढे सतरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण एका सेकंदापुढे तेही खूपच.

तुमच्या फोनच्या जाहिरातीत ‘८ + ८ जीबी रॅम’ असं लिहिलेलं असतं ना? त्यातली दुसरी ८ रॅम नाहीच. स्टोरेजचा एक भाग रॅमसारखा वापरायचा, एवढंच. विंडोजमध्ये याच प्रकाराला पेजफाइल म्हणतात आणि ती गेली कित्येक वर्षं आहे, फक्त तिची कुणी जाहिरात केली नाही. [हसू] फरक एवढाच, की फोनची रॅम बोर्डवर चिकटवलेली, कायमची. डेस्कटॉपची मात्र स्क्रू काढून बदलता येते.

तर शनिवारी मी दुकानात गेलो. काहीही विकत घ्यायच्या आधी मी एकच गोष्ट केली, आणि एपिसोड इथेच बंद करणार असाल तर एवढं घेऊन जा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, आणि मग मेमरी. आणि हे बघायचं कधी? कॉम्प्युटर सगळ्यात जास्त अडकतो त्या वेळी. रिकाम्या दुकानात सकाळी बघून उपयोग नाही. मी दुपारी गर्दीची वेळ होईपर्यंत थांबलो. मामांनी त्यांच्या सवयीप्रमाणे ब्राउझरचे वीस-बावीस टॅब, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, स्कॅनरचं सॉफ्टवेअर आणि दोन-तीन पीडीएफ एकत्र उघडले होते.

त्या पानावर बरेच आकडे असतात. ‘इन यूज’ म्हणजे आत्ता खरोखर वापरात असलेली. मामांच्याकडे ४ जीबीची एकच स्टिक होती आणि त्यातली ३.६ वापरात होती. ‘कॅश्ड’कडे बघून घाबरू नका. विंडोज रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही, पुढे लागेल म्हणून त्यात काहीतरी भरून ठेवतो आणि गरज पडली की लगेच सोडतो. खरा आकडा आहे ‘कमिटेड’. तिथे दोन आकडे तिरक्या रेघेने वेगळे केलेले दिसतात. पहिला म्हणजे सगळ्या प्रोग्रामनी मिळून विंडोजकडे किती मेमरी मागून ठेवलीय. दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून विंडोज जास्तीत जास्त किती देऊ शकतो. मामांच्याकडे पहिला आकडा ७.४ होता. ४ जीबीच्या ओट्यावर साडेसात जीबीचा स्वयंपाक!

हा आकडा गरजेपेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कारण प्रोग्राम मागतात तेवढं सगळं वापरतातच असं नाही. पण अंदाजाला उत्तम. तुमच्याकडे ८ जीबी रॅम आहे आणि भर गर्दीत कमिटेड ५ दाखवतंय, तर आणखी रॅम टाकून काहीही फरक पडणार नाही. तेव्हा बाजूच्या यादीत डिस्क बघा. ती १०० टक्क्यांवर अडकलेली असेल आणि मेमरी निवांत असेल, तर पैसे एसएसडीवर घाला. बरेच लोक उलटं करतात. दुकानदार ‘रॅम वाढवा’ म्हणतो, लोक वाढवतात, आणि कॉम्प्युटर तसाच चालतो.

त्याच पानावर खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ असतं. मामांचं २ पैकी १. म्हणजे एक जागा रिकामी. वा!

आता एक जुना पण अजून भेटणारा अडथळा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, तिथे सिस्टिम टाइप बघा. ३२ बिट असेल तर थांबा. ३२ बिटमध्ये मोजता येणारे पत्ते म्हणजे २ चा ३२ वा घात, चारशे एकोणतीस कोटींच्या आसपास, म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स वगैरेंसाठी जातात, म्हणून ४ जीबी लावूनही सव्वातीनच वापरता येतात. अशा मशीनमध्ये १६ जीबी घातली तरी बाकीची शोभेची. आधी ६४ बिट विंडोज टाकावं लागतं, आणि ते वरच्या वर अपडेट होत नाही, सगळं नव्याने बसवावं लागतं. अजून विंडोज ७ वापरणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोम: आपल्याकडे बराच विकला गेलेला होम बेसिक ६४ बिट असला तरी ८ जीबीच्या वर जात नाही. मामांचं विंडोज १० होतं, ६४ बिट. सुटलो.

पुढचा प्रश्न, कुठली रॅम? बोर्डाचं नाव बघायला मी सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. निघालं इंटेलचं एच६१ चिपसेट, प्रोसेसर कोअर आय३-२१२०. त्या काळातल्या असेंबल्ड मशीनमध्ये हे अगदी नेहमीचं. एच६१ ला दोन स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी, म्हणजे एका स्लॉटमध्ये ८. प्रकार डीडीआर३, वेग १३३३. सीपीयू-झेडमध्ये हा वेग ६६५ च्या आसपास दिसतो, त्याने गोंधळू नका. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, त्यामुळे दुप्पट करायचं. १६०० ची स्टिक घेतली तरी चालते, फक्त या प्रोसेसरवर ती १३३३ नेच धावणार. म्हणून वेगासाठी जास्त पैसे देऊ नका.

डीडीआर४ बसणारच नाही. तिला २८८ पिना, डीडीआर३ ला २४०, आणि मधली खाच वेगळ्या ठिकाणी. डीडीआर२ फसवी आहे. तिलाही २४० पिनाच, पण खाच थोडी सरकलेली आणि व्होल्टेज १.८. डीडीआर३ चं १.५. ही खाच मुद्दाम ठेवलेली आहे, चुकीची रॅम बसूच नये म्हणून. बसत नसेल तर जोर लावू नका. ‘एल’वाली, म्हणजे डीडीआर३एल, १.३५ व्होल्टवर चालते, पण १.५ वरही चालते, त्यामुळे ती जुन्या बोर्डात टाकली तर हरकत नाही.

एवढं सगळं बघून, आता आपण फार हुशार झालो असं वाटून, मी ऑनलाइन ८ जीबीची नवीकोरी डीडीआर३ स्टिक मागवली. बाकीच्यांपेक्षा बरीच स्वस्त. रंगीत हीटसिंक वगैरे. पुढच्या शनिवारी परत गावी. बसवली, चालू केलं. स्क्रीन काळी आणि आतून टीं… टीं… टीं. मामा म्हणाले, “ॲम्ब्युलन्स बोलवू का?” काढली, परत बसवली, स्लॉट बदलला. तेच. जुनी एकटी लावली की चालू.

खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही फक्त एएमडीसाठी. मी म्हटलं, रॅम कधीपासून कंपनी बघायला लागली? तर झालं असं. रॅमच्या स्टिकला एका वेळी ६४ बिट द्यावे लागतात. प्रत्येक चिप त्यातले काही बिट देते. नेहमीच्या डेस्कटॉप स्टिकवरची प्रत्येक चिप ८ बिट देते, म्हणून ८ चिप्सचा एक गट पुरतो. या स्वस्त स्टिकवर प्रत्येकी ४ बिट देणाऱ्या चिप्स असतात, सोळांचा गट लागतो. अशा चिप्स मुळात सर्व्हरच्या मेमरीत वापरतात. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर त्या ओळखतच नाही. एएमडीचे काही ओळखतात. आणि गंमत म्हणजे मोजून कळत नाही, कारण चांगल्या ८ जीबी डीडीआर३ स्टिकवरही सोळाच चिप्स असतात, आठ-आठचे दोन गट. कळतं ते लेबलवरून. ‘२ आर एक्स ८’ छापलं असेल तर घ्या. शेवटी एक्स ४ असेल तर हात लावू नका. काहीच छापलं नसेल आणि भाव फार चांगला असेल, तरीही नाही.

लेबल वाचायला शिकलात की निम्मं काम झालं. पीसी३-१०६०० म्हणजे डीडीआर३ १३३३, पीसी३-१२८०० म्हणजे १६००. हा मोठा आकडा म्हणजे एका सेकंदाला साधारण किती मेगाबाइट जाऊ शकतात. त्याच्या मागे इंग्रजी आर अक्षर असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड मेमरी. जुन्या बाजारात ती ढिगाने आणि स्वस्त मिळते, पण साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही. आणि तुमचं मशीन मामांच्याहूनही जुनं, कोअर २ ड्युओच्या काळातलं जी४१ चिपसेटवालं असेल, तर तिथे मात्र चिप्स मोजाव्या लागतात: ४ जीबीची स्टिक सोळा चिप्सवाली हवी, आठवाली चालत नाही.

चुकलेली स्टिक परत केली, पैसे परत मिळाले, पण मामांचा एक आठवडा गेला. मग पुण्यात बुधवार पेठेत फिरलो. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. आपल्या बोर्डाचं नाव आणि जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो फोनमध्ये घेऊन जा, हे फार उपयोगी पडतं. वापरलेली ८ जीबी, एक्स ८ वाली, नऊशे रुपयांना मिळाली. आठवडाभराची टेस्टिंग वॉरंटी. डीडीआर३ जुनी घ्यायला मला काही वाटत नाही. रॅममध्ये फिरणारा भाग नसतो, झिजत नाही. शिवाय २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरमुळे नव्या मेमरीचे भाव जे चढले, ते बघता जुन्या बाजाराकडे तुच्छतेने बघायचे दिवस नाहीत.

बसवणं? ते सगळ्यात सोपं. बंद करा, भिंतीतला प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेट आडवं ठेवा. आतली धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशने. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला बोट लावा. अंगातली स्टॅटिक वीज तिथे उतरते. पावसाळ्यात हवा दमट असते, धोका कमी. हिवाळ्यात स्वेटर काढून मग बसा. स्लॉटच्या टोकाच्या पट्ट्या बाहेर ढकला, खाच जुळवा, दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ खाली दाबा. कट्ट असा आवाज येतो आणि पट्ट्या आपोआप बंद होतात. पहिल्यांदा वाटतं त्यापेक्षा जास्त जोर लागतो.

आणि हो, खोडरबर. आपल्याकडचा प्रत्येक रिपेअरवाला रॅम काढून सोनेरी पिनांवर खोडरबर फिरवतो. मी कॉलेजात असताना हसायचो. पण त्यात तथ्य आहे. पिनांवर बसलेला थर जातो आणि संपर्क सुधारतो. फक्त पांढरा मऊ खोडरबर, हलक्या हाताने, आणि भुगा स्लॉटमध्ये पडू द्यायचा नाही. रोज करायचा विधी नाही तो.

मामांची जुनी ४ आणि नवीन ८, असे मिळून १२ झाले. “दोन्ही सारख्या लागतात ना?” असं मला तिघांनी विचारलं. लागतात असं नाही. सारख्या असल्या तर बरं. एच६१ चे दोन स्लॉट म्हणजे दोन वेगळे रस्ते. दोन्हीत स्टिक असली की डेटा दोन्हीकडून एकदम येतो, सेकंदाला साडेदहा जीबीच्या जागी एकवीस. ४ आणि ८ असतील तर दोन्हींकडची ४-४ अशी जोडीने चालते आणि उरलेली ४ एकेरी रस्त्याने. ग्राफिक्स कार्ड वेगळं नसलेल्या मशीनमध्ये या जोडीचा फायदा जास्त, कारण चित्र काढायलाही हीच रॅम वापरली जाते. कंपन्या वेगळ्या असल्या तरी चालतं, दोन्ही हळू स्टिकच्या वेगाने धावतात.

चालू झालं. एक बीप, आणि स्क्रीन आली. मामा काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची पुढे ओढली. रात्रभर मेमटेस्ट८६+ लावून ठेवलं, पेनड्राइव्हवरून चालतं, फुकट आहे. जुनी स्टिक घेतली की हे कराच. एकही चूक दाखवली तरी स्टिक वॉरंटीत परत. अर्धवट बिघडलेली रॅम कॉम्प्युटर बंद पाडत नाही, कधीतरी एखादी फाइल गुपचूप खराब करते, आणि ते जास्त वाईट.

सोमवारी दुकानात तेच वीस-बावीस टॅब. वापरात साडेसहा, डिस्क शांत. टॅब बदलला की लगेच पान समोर. पण चालू व्हायला मात्र पूर्वीइतकाच वेळ, कारण तेव्हा सगळं माळ्यावरूनच आणायचं असतं. त्याला एसएसडीच हवी. एच६१ चे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, तरी फरक जाणवेल. ती दिवाळीनंतर बसवली.

एक गोष्ट मामांना स्पष्ट सांगितली, तुम्हालाही सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. घरी सिनेमे बघायला असेल तर गोष्ट वेगळी, पण दुकानात लोकांचे आधार, बँकेची पासबुकं स्कॅन होतात. सुरक्षेचे अपडेट न येणाऱ्या मशीनवर ते चालवणं मला पटत नाही. लिनक्स मिंट या मशीनवर छान चालेल, पण मामांच्या जुन्या फाइली सगळ्या श्रीलिपीतल्या, ती गाडी तिथे अडते. म्हणून मायक्रोसॉफ्टचा वाढीव सपोर्ट घेतलाय, तो ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे नऊशे रुपयांत आम्ही नवीन कॉम्प्युटर टाळला नाही, पुढे ढकलला. हप्त्याऐवजी मामा आता दर महिन्याला थोडे बाजूला टाकतायत. हेच काम पाच हजारांचं असतं, तर मी नको म्हटलं असतं.

तुमच्याकडे असा डबा असेल तर एक करा. तो अडकेल तेव्हा चिडून बटण दाबायच्या आधी टास्क मॅनेजरचं मेमरीचं पान उघडा आणि फोनने फोटो काढून मला पाठवा. कमिटेडचा आकडा नीट दिसू दे, आणि सोबत बोर्डाचं नाव लिहा. काय घ्यायचं, काय नाही, ते पुढच्या एपिसोडमध्ये एकेक करून बघू.